व्हेनिसचा शेवटचा दिवस : गोड्या पाण्याचा माग

विमान रात्रीचे असल्यामुळे व्हेनिसमधला जवळजवळ पूर्ण दिवस हाताशी होता. सॅन मार्कोचा चौक, डोजचा, म्हणजे जुन्या प्रजासत्ताकाच्या प्रमुखाचा, राजवाडा आणि मुरानोच्या काचेच्या भट्ट्या आधीच पाहून झाल्या होत्या, त्यामुळे हा दिवस मी माझ्या आवडीच्या विषयासाठी राखून ठेवला होता. पाणीपुरवठा खात्यात उभी नोकरी झालेल्या माणसाला या शहरात पाऊल ठेवताच एकच प्रश्न पडतो : चहूकडे खारे पाणी आणि पिण्याजोगा एकही झरा नाही अशा या शंभराहून अधिक लहानलहान बेटांवर, भरभराटीच्या काळात दीड लाखाच्या आसपास माणसे राहत असताना, ती प्यायली काय? पत्नीला या प्रश्नात फारसा रस नव्हता. तिला मासळीबाजार पाहायचा होता, म्हणून सुरुवात तेथूनच केली.

रिआल्तोचा पूल ओलांडून डावीकडच्या गर्दीत न शिरता बाजाराकडे वळले की काही मिनिटांत मासळीबाजाराची कमानदार इमारत लागते. दिसायला ती मध्ययुगीन वाटते, पण बांधलेली आहे १९०७ साली. माल होड्यांतून येतो, धक्क्यावर उतरतो आणि हातगाड्यांवरून आत जातो. या हातगाड्यांना पुढच्या बाजूला दोन जादा छोटी चाके असतात, ती पायरीवर टेकवून गाडी पुलावर चढवता येते. चारशेहून अधिक पूल आणि बहुतेक सर्वांना पायऱ्या, अशा शहरात त्यावाचून गत्यंतर नाही. माकूल, कोळंबी, वाम असे ओळखीचे जिन्नस पाहून पत्नी खूष झाली आणि भाव पाहून गप्प झाली. मला आवडली ती जवळच्या भिंतीतली जुनी संगमरवरी पाटी. कोणती मासळी किती लांबीपेक्षा लहान असेल तर विकायची नाही, हे तीवर कोरलेले आहे. वाम २५ सेंटीमीटर, कालव ५ सेंटीमीटर अशी ती यादी आहे. ज्या उथळ खाऱ्या पाण्यावर, म्हणजे लगूनवर, आपले पोट आहे, ते ओरबाडून खायचे नाही ही समज येथल्या कारभाऱ्यांना होती, आणि ती केवळ मासळीपुरती नव्हती. लगूनमध्ये गाळ आणणाऱ्या ब्रेंता, पियावे यांसारख्या नद्यांची मुखेच त्यांनी खणून दूर वळवली. पाण्याचा सारा कारभार पाहणारे स्वतंत्र खाते त्यांनी १५०१ साली उभे केले होते. आमच्या खात्याचा हा पूर्वज पाहून मला उगाचच अभिमान वाटला.

तेथून सॅन पोलोच्या मोठ्या चौकात आलो. व्हेनिसच्या जवळजवळ प्रत्येक चौकाच्या मध्यभागी दगडी, कोरीव, कमरेइतक्या उंचीचा एक गोल किंवा अष्टकोनी कठडा असतो आणि त्यावर लोखंडी झाकण ठोकलेले असते. प्रवासी त्याला टेकून सँडविच खातात. तो विहिरीचा कठडा आहे असे कोणी सांगितले तरी ते पूर्ण खरे नव्हे, कारण या विहिरींना जिवंत पाणी कधीच नव्हते. आपल्या गडांवरच्या टाक्यांसारखी ही पावसाचे पाणी धरून ठेवणारी टाकीच आहेत. फरक इतकाच की तेथे कातळ खोदता येतो आणि येथे खाली केवळ चिखल. म्हणून चौकाखाली काही मीटर खोल खड्डा खणून त्याला सर्व बाजूंनी चिकणमातीचे अस्तर देत, जेणेकरून बाहेरचे खारे पाणी आत झिरपू नये. मग तो वाळूने भरत आणि मधोमध विटांची नळी उभी करीत. चौकाच्या फरसबंदीला सूक्ष्म उतार दिलेला असतो आणि कठड्याभोवती छिद्रे पाडलेले दगड बसवलेले असतात. पावसाचे पाणी त्या छिद्रांतून वाळूत उतरते, गाळत गाळत तळाशी जाते आणि विटांच्या सांध्यांतून नळीत शिरते. थोडक्यात, संपूर्ण चौक हेच गाळणकेंद्र, आणि लोक त्यावर बाजार भरवीत, लग्नाच्या वराती नेत. मी फरसबंदीवर वाकून ती छिद्रे शोधत असताना एका आजीबाईंना माझे काही हरवले असे वाटले आणि त्याही वाकून शोधू लागल्या. भाषेच्या अडचणीमुळे त्यांचा गैरसमज दूर करण्यात बराच वेळ गेला.

१८५८ साली शहरात अशी टाकी मोजली तेव्हा ती सहा हजारांहून अधिक भरली. सार्वजनिक टाक्यांची झाकणे ठरलेल्या वेळी घंटा वाजवून उघडली जात. पाऊस कमी पडला की ब्रेंता नदीचे पाणी होड्यांत भरून आणत आणि त्याच टाक्यांत ओतत, म्हणजे टँकरची पद्धत तेथेही होतीच. १८८४ साली मुख्य भूमीवरून नळाचे पाणी आले आणि या टाक्यांचे काम संपले. आज चौकाचौकांत जे छोटे नळ वाहताना दिसतात त्यांचे पाणी पिण्यास उत्तम आहे. बाटल्या विकत घेण्याची काहीही गरज नाही.

अशा टाक्यांचा खरा शत्रू म्हणजे मोठी भरती. खारे पाणी एकदा चौकात चढले की वाळूत मीठ उतरते आणि टाके निकामी होते. सॅन त्रोवासोच्या चर्चजवळ यावरचा उपाय पाहायला मिळाला : तेथे चौकाचा भागच पायऱ्यांइतका उंच बांधला आहे. शेजारीच गोंडोला बांधण्याचा आणि दुरुस्तीचा जुना लाकडी कारखाना आहे. कालव्याच्या पलीकडच्या काठावरून तो छान दिसतो. गोंडोलाची डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटीमीटर रुंद असते, कारण वल्हे एकच आणि तेही उजवीकडे. बाजू सारख्या असत्या तर होडी गोल फिरत राहिली असती. तेथेच काठावर उभ्याने दुपारचे खाणे उरकले आणि सालूते चर्चकडे चालू लागलो.

१६३०-३१च्या प्लेगमधून शहर सुटले म्हणून बांधलेले हे भव्य घुमटाचे चर्च लाकडाच्या दहा लाखांहून अधिक खुंटांवर उभे आहे असे सांगतात. माझे लक्ष मात्र त्याच्या पुढच्या टोकाला होते, कारण शहराच्या भरतीची अधिकृत मोजणी तेथे होते. मोजपट्टीचा शून्य म्हणजे १८९७ सालची सरासरी समुद्रपातळी. त्या मापाने ४ नोव्हेंबर १९६६ रोजी पाणी १९४ सेंटीमीटरपर्यंत आणि १२ नोव्हेंबर २०१९ रोजी १८७ सेंटीमीटरपर्यंत चढले. समुद्र वाढतो आहे हे खरेच, परंतु शहर खचले त्यात माणसाचाही हात आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर समोरच्या मुख्य भूमीवरील मार्गेराच्या कारखान्यांनी जमिनीखालचे पाणी बेसुमार उपसले आणि त्याबरोबर जमीन खाली बसली. उपसा थांबवल्यावर हे खचणे बरेच मंदावले, पण बसलेली जमीन वर येत नाही, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आता लगूनच्या तीन मुखांवर ७८ लोखंडी दरवाजे समुद्राच्या तळाशी आडवे पडलेले असतात. मोठ्या भरतीचा अंदाज आला की त्यांत हवा भरून पाणी बाहेर काढतात आणि ते उभे राहतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांनी खरी भरती पहिल्यांदा अडवली. भ्रष्टाचार आणि दिरंगाई यांमुळे हे काम फार बदनाम झाले, तरी यंत्रणा चालते हे मान्य करावे लागते.

दरवाजे वारंवार बंद ठेवावे लागले तर लगूनचे पाणी खेळते कसे राहणार, हा विचार करीतच एक थांबा बोटीने पार करून सॅन मार्कोला उतरलो. राजवाड्याच्या तिकिटातच कोर्रेर संग्रहालय येते. आमचे ते राहून गेले असते, पण नाण्यांची दालने पाहायची म्हणून पत्नीने यावेळी हट्ट धरला. व्हेनिसचे सोन्याचे नाणे, दुकात, १२८४ साली प्रथम पाडले गेले. वजन साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शंभर नंबरी, आणि १७९७ साली नेपोलियनने प्रजासत्ताक बुडवेपर्यंत त्यावरचे चित्र जवळजवळ तेच : संत मार्कपुढे गुडघे टेकलेला डोज.

“अहो, ही तर पुतळी!” पत्नी काचेला नाक लावून म्हणाली.

तिचे बरोबर होते. मिरी-मसाल्याच्या बदल्यात ही नाणी अलेक्झांड्रियामार्गे आपल्या किनाऱ्यावर आली, त्यावरच्या मनुष्याकृतींमुळे पुतळ्या म्हणवली गेली आणि शेवटी गळ्यात ओवली गेली. बखरकार सभासदाने दिलेल्या शिवाजी महाराजांच्या खजिन्याच्या यादीतही पुतळ्या आहेत. माझ्या आईची माळ आता हिच्याकडे आहे. तिच्यातल्या चकत्या अर्थातच पुढच्या काळात आपल्याकडेच घडवलेल्या, पातळ आणि लक्ष्मीच्या छापाच्या; तरी मूळ नमुना समोर पाहून ती त्या दालनात इतकी रमली की मला दोनदा घड्याळ दाखवावे लागले.

विमानतळाची बोट लगूनमधून तासाभराहून अधिक वेळ घेते. बस स्वस्त आणि जलद आहे, पण शेवटच्या दिवशी तरी बोटच घ्यावी. मार्ग तीन-तीन ओंडके एकत्र बांधलेल्या खांबांनी आखलेला असतो आणि त्याबाहेर पाणी इतके उथळ की ओहोटीला ठिकठिकाणी चिखल उघडा पडतो. विमानतळाला मार्को पोलोचे नाव आहे. त्याच्या प्रवासवृत्तांतात आमच्या ठाण्याचाही उल्लेख आहे, हे मी बोटीत पत्नीला सांगितले. कातडी, सुती कापड आणि धूप यांच्या व्यापाराचे ते वर्णन आहे, आणि पुढे असेही म्हटले आहे की तेथला राजा समुद्री चाच्यांना सामील असून लुटीतले सर्व घोडे आपल्याला द्यावेत एवढीच त्याची अट असते.

“आणि बाकीची लूट?” तिने विचारले.

ती चाच्यांनाच, असे सांगितल्यावर तिने राजाचा हिशेब कच्चा ठरवला.