देवगिरी-वेरूळ : एक सहल, चौथीचा वर्ग आणि घरचाच एक विद्यार्थी

सहलीच्या संमतीपत्रात एक वाक्य असतं : 'माझ्या पाल्याच्या वर्तनाची संपूर्ण जबाबदारी माझी राहील.' आमचे चिरंजीव माझ्याच वर्गात, चौथीत. त्यामुळे पालक म्हणून खाली सही मी केली आणि वर्गशिक्षिका म्हणून तो कागद तपासून फायलीला लावला तोही मीच. शिवाय घरी दम भरला, की सहलीत आई म्हणायचं नाही, सगळ्यांसारखं मॅडम म्हणायचं. त्याने ते जरा जास्तच मनावर घेतलं.

शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, म्हणून वाहन लालपरीच. कोपरगाव सोडलं. खिडकीवरून सुरू झालेली भांडणं मिटेपर्यंत वैजापूर आलं होतं आणि दुपारच्या जेवणाचे निम्मे डबे सकाळीच फस्त झाले होते. पुढच्या वळणांवर जे व्हायचं ते झालंच. आवळासुपारीच्या पुड्या वाटत मी मागे-पुढे फिरत होते, तर पोटचं पोर म्हणतं, ''मॅडम, मलाही द्या ना.'' कंडक्टरसाहेबांनी कौतुकाने पाहिलं. किती नम्र मुलगा!

देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या पायथ्याशी मी इतिहास सुरू केला. यादवांची राजधानी, मग १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी इथे हलवली, लोकांनाही एवढ्या लांब आणलं आणि काही वर्षांनी पुन्हा दिल्लीला जायची मुभा दिली.

''मॅडम, म्हणजे त्यांची पण सहलच होती?''

''सहल नव्हे रे, राजधानी हलवली.''

''मग परत का गेले?''

मी उत्तर द्यायच्या आत मागून कुणीतरी सांगून टाकलं, ''डबे संपले असतील.'' वर्गाला ते पटलं. तो विषय तिथेच संपला.

मेंढा तोफेपाशी मात्र सगळे खरोखर गुंगले. तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे, त्याची शिंगं बघायला एकमेकांच्या पायावर पाय. मग आली अंधारी. डोंगराच्या पोटातून खोदलेली वळणावळणाची वाट, पायऱ्या ओबडधोबड, वटवाघळांचा उग्र वास नाकात बसतो. आत शिरलेल्या शत्रूला दिसू नये म्हणूनच ती केलेली, हे मी बाहेर सांगितलं होतं. ''टॉर्च बंद करा ना मॅडम, आपण शत्रू होऊ,'' अशी मागणी आली. केला बंद. दोन सेकंदांत वर्गातल्या सगळ्यात धीट पोराने ''आई गं!'' म्हणत माझा हात घट्ट धरला.

अंधारातून लगेच ओळखीचा आवाज आला, ''ए, ती माझी आई आहे!''

उजेडात आल्यावर साहेबांची रीतसर तक्रार : ''मॅडम, याने तुमचा हात धरला होता.''

वेरूळला कैलास लेण्यासमोर उभं राहिलं, की कितीही वेळा आलं तरी माझं बोलणं थांबतं. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, एका अखंड खडकात हे देऊळ वरून खाली कोरत आणलं. आधी कळस, मग पाया. मुलांना सौंदर्याशी देणंघेणं नव्हतं, त्यांना कामाची काळजी.

''चुकलं तर खोडायचं कसं?''

''आणि एवढा कचरा टाकला कुठे?''

लाखो टन दगड काढला म्हणतात, तेव्हा प्रश्न अगदी रास्त. अशा वेळी शिक्षकाकडे एकच हुकमी वाक्य असतं, ''छान प्रश्न! घरी जाऊन शोधून आणा.'' तेवढ्यात एका वानराने कुणाची तरी वेफर्सची पुडी पळवली आणि मी सुटले.

बाहेर दुकानं. चिरंजीवांचे खाऊचे पैसे पेरूच्या फोडींवर आधीच संपले होते.

''मॅडम, वीस रुपये द्या.''

''मॅडम कुणाला पैसे देत नसतात.''

तो जरा थांबला. आजूबाजूला बघितलं, जवळ आला आणि अगदी हळू म्हणाला, ''आई, वीस रुपये दे ना गं.''

दिले. काय करणार! त्यांची त्याने शिट्टी घेतली. बाकीच्यांनीही शिट्ट्याच घेतल्या होत्या, हे गाडी सुटल्यावर कळलं. वैजापूरपर्यंत ड्रायव्हरकाकांनी सोसलं, मग म्हणाले, ''मॅडम, आज मी हॉर्नला हातच लावत नाही. समोरचे आपोआप बाजूला होतायत.''

दुसऱ्या दिवशी निबंध दिला, 'आमची सहल'. तुघलक एकाच वहीत आला, तोही डब्यासकट. कैलास लेणं बहुतेकांनी 'खूप मोठे होते' एवढ्यात उरकलं. वानरावर मात्र पानभर मजकूर. आमच्या चिरंजीवांनी शेवटी लिहिलं होतं : 'आमच्या मॅडम सहलीत सारख्या ओरडत होत्या. त्या घरी पण अशाच असतात.' शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. दहापैकी आठ द्यावेच लागले.