लावणी झाल्यावर, गणपतीच्या आधी

मालवणजवळच्या आमच्या देवबागात सुट्टी ठरते ती पाऊस आणि गणपती बघून. ऑक्टोबर ते मे खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या. मी स्वयंपाकघरात आणि दादा होडीवर, पर्यटकांना स्कुबाला, म्हणजे पाठीवर सिलिंडर लावून पाण्याखाली, नेणारा. जून लागला की होड्या वर ओढायच्या, झाकायच्या, आणि मग भाताचा तरवा नि लावणी. लावणी आटपली की गणपतीच्या तयारीपर्यंत काय ते आम्ही मोकळे. यंदा मी दादाला विचारलं, तुला कुठे जायचंय? म्हणाला, डायविंगला. सोळा वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या जॅकेटला धरून पाण्याखाली जातोय. स्वतःसाठी असा एकदाही उतरलेला नाही.

पण जुलै-ऑगस्टात उतरणार कुठे? आपला किनारा तर बंदच. कॅरिबियनचं नाव काढलं तर जो तो सांगतो, जून ते नोव्हेंबर तिकडे चक्रीवादळं. मग नकाशा उघडून बसले. अगदी खाली, व्हेनेझुएलाच्या अंगाला बोनेअर नावाचं बेट दिसलं. आपलं मालवण १६ अक्षांशावर, ते १२वर. वादळांचा नेहमीचा रस्ता त्याच्या बराच वरून जातो. बेट नेदरलँड्सचं, पण युरोपचा शेंगेन व्हिसा तिकडे लागू नाही, कॅरिबियन भागाचा व्हिसा वेगळा. चलन मात्र अमेरिकन डॉलर. बेटावर पाय ठेवायचे ७५ डॉलर आणि समुद्रात उतरायचे ४० वेगळे. खोल्यांवर नवे पत्रे घालायचे होते, ते पुढच्या वर्षावर ढकलले.

दादा मात्र पैशांनी नाही, दगडांनी पटला. तिथे रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड आहेत, त्यांवर जागेचं नाव. पिकअप भाड्याने घ्यायची, मागे सिलिंडर टाकायचे, पिवळा दगड दिसला की थांबायचं आणि चालत पाण्यात शिरायचं. प्रवाळ किनाऱ्यापासून पोहत पाच-दहा मिनिटांवर. होडी नको, नांगर नको. नांगराला तर तिथे बंदीच आहे. १९७९ पासून बेटाभोवतीचं सगळं पाणी सागरी उद्यानात येतं, होड्या ठरलेल्या तरंगत्या बोयांना बांधतात. हे वाचून दाखवलं तेव्हा दादा जरा वेळ गप्प बसला. दगडावर नांगर घासल्याचा आवाज त्याने पाण्याखालून ऐकलाय, आणि पूर्वी स्वतःही टाकलेत. आपलं मालवणचं अभयारण्य १९८७ चं, ते कुठून कुठपर्यंत हे विचारलं तर बंदरावर चार जण चार दिशा दाखवतील.

आणि पाणी! आमच्याकडे चार-पाच मीटर निवळ दिसलं की दादा फोन करून कळवतो. तिथे चांगल्या दिवशी तीस मीटर दिसतं म्हणे. इतकं लांबचं दिसलं तर मला भीतीच वाटेल, असं आपलं मला वाटतं. गढूळ पाण्याची सवय झालेली माणसं आम्ही.

माझ्याकडे डायविंग शिकल्याचं कार्ड नव्हतं. दादाचा हात धरून कितीदा खाली गेले असेन, पण ते मोजत नाहीत. हिवाळ्यात रीतसर कोर्स केला. पाण्याखाली मास्क काढून परत घालायचा, यावर दोन दिवस रडले. आता मला १८ मीटरपर्यंत परवानगी आहे. बुडालेलं 'हिल्मा हूकर' जहाज तीस मीटरवर पडलंय, ते दादा बघेल, मी वर तरंगत राहीन. त्याची वेगळीच कुरकूर चालू आहे. कितीही अनुभव असो, तिथे प्रत्येकाला आधी माहिती ऐकावी लागते आणि एक चाचणीची डाइव्ह करून दाखवावी लागते. "माका शिकवतले ते?" तीन दिवस हेच.

मला ओढ आहे ती सॉल्ट पिअरची. दक्षिणेला मिठागरं आहेत, जहाजं जिथे मीठ भरतात त्या धक्क्याच्या खांबांमधून पोहायचं, अर्थात जहाज लागलेलं नसेल तेव्हा. शिरोड्याची मिठागरं बघत वाढलेल्या माणसाला मिठाचं कौतुक नसतं. पण तिथे जवळच १८५० च्या सुमाराला गुलामांसाठी बांधलेल्या दगडी खोपट्या अजून उभ्या आहेत, आत शिरायला वाकावं लागतं इतक्या ठेंगण्या. शेवटची डाइव्ह झाल्यावर निदान अठरा तास विमानात बसायचं नसतं. दादाच्या मते तो दिवस फुकट. मी तो खोपट्या आणि फ्लेमिंगो बघायला ठेवलाय.

अडलंय ते आईपाशी. पहिल्या दिवशी म्हणाली, "गो, मासे बघूक इतक्या लांब कित्याक? बाजारात जा, दिसतले." ते हसण्यावारी गेलं. पण आमची तारीख नारळी पौर्णिमेच्या आधीची, आणि नारळ सोडल्याशिवाय समुद्रात पाय घालायचा नाही हे तिचं पक्कं. मी म्हटलं, अगं तो समुद्र वेगळा. ती म्हणाली, "पाणी एकच ना?" यावर दादाकडेही उत्तर नव्हतं. शेवटी तोड निघाली: तिथे पहिल्या दिवशी, उतरण्याआधी, नारळ सोडायचा.

आता मी उद्यानाचे नियम परत परत वाचतेय. पाण्यातून काही उचलायचं नाही. हातमोजेसुद्धा घालायचे नाहीत. नारळाबद्दल कुठे काही सापडत नाही. मेल करून विचारणार होते, तर दादा म्हणतो, "विचारू नको बाय. विचारलंस तर नाय म्हणतले."