दोन पावलं डावीकडे

एक्केचाळिसाव्या वर्षी मी व्हॉलीबॉल पुन्हा सुरू केला. सहकारनगरात एक मातीचं मैदान आहे. सकाळी सहाला आम्ही दहा-बारा बायका तिथे जमतो, नेट 2.24 मीटरवर बांधतो आणि आठ वाजता डबे भरायला घरी पळतो. शाळेत खेळलेले असल्यामुळे मला वाटायचं, आपल्याला येतंय की!

भ्रम फुटला तो पहिल्याच मॅचमध्ये, सोसायट्यांच्या स्पर्धेत. सर्व्हिस समोरच्यांची होती. मी 4 नंबरवर, म्हणजे पुढे डावीकडे, आणि आमची सेटर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारी, माझ्या मागे 5 नंबरवर. सर्व्हिस लांब येणार असं वाटून मी मागे सरकले. सेटर मात्र सवयीनं नेटकडे निघालेली. शिट्टी! चेंडू अजून आमच्या बाजूला आलाही नव्हता आणि पॉइंट गेला. समोरची सर्व्हिस मारते त्या क्षणी पुढचीचं पाऊल मागचीच्या मागे असून चालत नाही. चेंडूला हात लागला की मग कुठेही पळा. हा नियम मला माहीत नव्हता असं नाही, फक्त तो पायात उतरला नव्हता. त्या सेटमध्ये याच चुकीनं आम्ही तीन पॉइंट घालवले, आणि तिन्ही माझ्या नावावर.

रोटेशन, म्हणजे आळीपाळीनं जागा बदलणं, पंधरा दिवसांत बसलं. घरी ओट्यावर सहा वाट्या मांडून मी त्या फिरवायचे, नवरा हसायचा. खरा घोळ डिफेन्सचा होता. मागच्या डाव्या कोपऱ्यात मी जीव तोडून पळायचे आणि तरी प्रत्येक स्मॅश हातभर लांबून जायचा. माझं म्हणणं, वय झालं. आमचे सर सत्तरीचे, त्यांनी ते ऐकूनच घेतलं नाही.

एका रविवारी ते सुतळीचा गुंडा घेऊन आले. नेटच्या पलीकडे, समोरची स्मॅशर मारते त्या कडेला, स्टुलावर चढले आणि चेंडूच्या उंचीवर मूठ धरली. अलीकडे आमच्या दोघी ब्लॉकला, म्हणजे स्मॅश नेटवरच अडवायला, हात वर करून उभ्या. मुठीतून दोन सुतळ्या निघाल्या, ब्लॉकच्या हातांच्या दोन्ही कडांना घासून आमच्या कोर्टात जमिनीपर्यंत ताणल्या. मधे जो पंखा तयार झाला ती ब्लॉकची सावली. आणि त्या सावलीत मी उभी होते. 6 नंबरवाली, म्हणजे मागची मधली, तीही तिथेच.

"चेंडू दिसतोय का तुला?" सरांनी विचारलं.

"नाही सर, हात आडवे येतायत."

"मग जोराचा चेंडू तिथे येईल कसा? अगं, ब्लॉक जे झाकतोय तेच तू झाकतेस. दोन पावलं डावीकडे ये."

आले. मूठ दिसली, मनगट दिसलं, कोपरही दिसला. दोन पावलांत अख्खी स्मॅशर दिसायला लागली.

दुसरी गोष्ट शिकायला मात्र महिना गेला, ती म्हणजे थांबणं. मुलीनं हिशेब करून दाखवला: चेंडू ताशी 54 किलोमीटरनं आला तर सेकंदाला 15 मीटर, म्हणजे नऊ मीटर यायला 0.6 सेकंद. तेवढ्यात काय पळणार? पळायचं ते आधी, सेटरच्या हातून चेंडू सुटताना. स्मॅशरचा हात चेंडूला लागताना दोन्ही पाय जमिनीवर, वजन चवड्यांवर. मी त्याच क्षणी धावत असायचे. एका बाजूला निघालेलं शरीर दुसरीकडे वळत नाही, हे स्कूटर चालवणारीला तरी कळायला हवं होतं!

पुढच्या स्पर्धेत पहिल्या सेटला मी पाच स्मॅश उचलले. त्यातल्या दोनांना तर मी हललेसुद्धा नाही, चेंडू सरळ हातांवर आला. नवऱ्याला वाटलं नशीब. मी काही बोलले नाही.

समोरची स्मॅशर हुशार होती. दुसऱ्या सेटला 19-19 वर तिनं उडी मारली, हात पूर्ण मागे नेला आणि बोटांनी चेंडू ब्लॉकवरून हलकेच सोडला. पूर्वी मी जिथे उभी राहायचे, बरोबर तिथे. मी झेपावले आणि तोंडात माती गेली. उठून पाहिलं तर सर बाकावरून ओरडत होते, पण मला नाही, 6 नंबरवालीला.