तुम्ही विचारलंत म्हणून: टायसन खरंच तेवढा भारी होता का?

संध्याकाळी पोरांना बॉक्सिंग शिकवतो म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेलाच. लग्नात पंगतीला शेजारी बसलेले काका विचारतात, आणि कालच ग्लोव्हज घेतलेला आठवीतला पोरगाही विचारतो. विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात. एक, माइक टायसन एका ठोशात माणूस आडवा करायचा. दोन, त्याने भर लढतीत समोरच्या होलिफील्डचा कान चावला.

तर, होता. पण दोन-तीन वर्षंच. आणि लोक समजतात त्या कारणासाठी नाही.

ताकदीचं कौतुक मला फारसं नाही. हेवीवेटमध्ये, म्हणजे सगळ्यात जड वजनगटात, ताकद कुणाकडे नसते? टायसनची उंची जेमतेम पाच फूट दहा इंच. समोरचे सगळे ताडमाड, लांब हातांचे. अशा माणसाला मारायचं तर आधी त्याच्या जॅबखालून, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाखालून, आत शिरावं लागतं, आणि ती वाट म्हणजे मार खायची वाट. कस डि'अमाटो या म्हाताऱ्या कोचने कॅट्सकिलच्या व्यायामशाळेत त्याच्याकडून हे आत शिरणंच घोटून घेतलं होतं. मुठी गालांना चिकटलेल्या, डोकं एका जागी क्षणभरही नाही, आणि चुकवता चुकवताच पाय अशा जागी पडायचे की पुढचा ठोसा तिथूनच निघावा. उजव्या हाताने बरगडीखाली मारायचा. समोरच्याचं कोपर खाली आलं की त्याच उजव्या हाताचा अपरकट, खालून वर येणारा ठोसा, हनुवटीखाली. माझ्या पोरांना मी हे आवाज बंद करून, हळू करून दाखवतो. ठोसा बघू नका रे, त्याच्या आधीची दोन पावलं बघा.

२२ नोव्हेंबर १९८६ ला लास व्हेगासला त्याने तेव्हाचा जगज्जेता ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या राउंडमध्ये संपवलं. वय वीस वर्षं, चार महिने. इतका लहान हेवीवेट विजेता त्याआधी झाला नव्हता, नंतरही नाही. शेवटचा तो डावा हुक, बाजूने वळून आलेला ठोसा, मी किती वेळा पाहिला असेल! बर्बिक पडतो, उठतो, दोरांवर कोलमडतो, परत उठतो, परत पडतो. ठोसा एकच, पडणं तीनदा. पुढे जून १९८८ मध्ये मायकेल स्पिंक्स, तोवर एकही लढत न हरलेला, ९१ सेकंदांत गेला. त्या रात्रीच्या टायसनसमोर कुणालाही उभं करा, मी पैज लावणार नाही.

आता लोकांना न आवडणारा भाग. कारकीर्द म्हणून तोलायचं तर मी टायसनच्या आधीच्या जगज्जेत्याला, लॅरी होम्सला, टायसनच्या वर ठेवतो. लगेच वाद सुरू होतो, की अहो, टायसननेच होम्सला चौथ्या राउंडमध्ये झोपवलं ना! झोपवलं, बरोबर. जानेवारी १९८८. होम्स तेव्हा ३८ वर्षांचा आणि पावणेदोन वर्षं रिंगबाहेर. त्याच होम्सला १९७९ मध्ये अर्नी शेव्हर्सने सातव्या राउंडमध्ये असा पाडला होता की बघणाऱ्याला वाटावं, खेळ खल्लास. होम्स उठला, आणि अकराव्या राउंडमध्ये लढत जिंकून गेला. टायसनच्या ५० विजयांत असा एकही नाही. तो ज्या ज्या लढतीत खाली गेला, ती हरला.

‘तुरुंगाने त्याची वाट लावली’ हेही ऐकतो. बलात्काराच्या गुन्ह्यात तो १९९२ मध्ये आत गेला. त्या गुन्ह्यावर पांघरूण घालायची माझी अजिबात इच्छा नाही. पण तारखा बघा ना. डि'अमाटो १९८५ मध्येच गेला होता. त्याचीच पद्धत पुढे चालवणाऱ्या केव्हिन रूनीला १९८८ संपता संपता दूर केलं. त्यानंतर डोकं हलायचं थांबलं, एकेका ठोशावर भिस्त आली. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसने त्याला हरवलं, ते तुरुंगाच्या दोन वर्षं आधी. त्या रात्री टायसनच्या कोपऱ्यात, म्हणजे राउंडच्या मधे त्याला सांभाळणाऱ्या माणसांकडे, सुजलेल्या डोळ्यावर दाबायला साधी थंडगार लोखंडी पट्टीसुद्धा नव्हती. रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून भागवत होते. जगज्जेत्याचा कोपरा हा! माझ्याकडच्या जिल्हा स्पर्धेला मी यापेक्षा जास्त सामान नेतो.

हीच लढत परवा पोरांना दाखवली. दहावा राउंड. टायसन आयुष्यात पहिल्यांदा खाली पडलाय, तोंडातलं माउथगार्ड बाहेर उडालंय, आणि तो हाताने चाचपडत तेच शोधतोय. सापडल्यावर कसंबसं दातांत धरतो, अर्धं बाहेर लोंबतंय. पंच मोजतोय. मी सवयीने म्हणालो, बघा, इथे तो संपला.

मागून एक बारका म्हणाला, "सर, पण परत खेळायचं नसतं तर माउथगार्ड कशाला शोधला असता?"

मी व्हिडिओ मागे घेतला.