संरक्षण आदेश आणि मुलाचा ताबा : माझा अनुभव

पतीने कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाची याचिका दाखल केली, तेव्हा मी चार वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी राहत होते. संरक्षण आदेशासाठी दंडाधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज करावा लागेल, असे जो तो सांगत होता. परंतु कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २६ नुसार कौटुंबिक न्यायालयात आधीच चालू असलेल्या प्रकरणातही ही दाद मागता येते, हे माझ्या वकीलबाईंनी दाखवून दिले आणि दोन कोर्टांच्या तारखा सांभाळण्याचा त्रास वाचला.

संरक्षणाच्या अर्जाचा निर्णय तुलनेने लवकर झाला. रुग्णालयाचे कागद, धमक्यांचे संदेश आणि शेजारच्या काकूंचे शपथपत्र यांच्या आधारे, पतीने माझ्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी येऊ नये, असा अंतरिम आदेश मिळाला. तो मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, त्यामुळे आदेशाची प्रत मी पोलीस ठाण्यात देऊन पोच घेतली.

ताब्याचे गणित मात्र निराळे होते. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे, असे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमात म्हटले आहे, पण त्यातला ‘सामान्यतः’ हा शब्द पतीच्या वकिलांनी चांगलाच धरून ठेवला होता. मारहाण झाली म्हणजे ताबा आपोआप आपल्याकडे येतो असे नाही. न्यायालय मुलाचे हित सर्वोच्च मानते आणि ते रोजच्या बारीकसारीक गोष्टींतून शोधते. समुपदेशकांनी मला मारहाणीविषयी थोडेच विचारले. मुलाला लसीकरणाला कोण नेते, मी कामावर असताना त्याला कोण सांभाळते, तो रात्री कोणाजवळ झोपतो, वडिलांचे नाव निघाल्यावर तो काय करतो, हेच प्रश्न पुन्हा पुन्हा आले. बालवाडीच्या ताईंची वही आणि लसीकरणाचे कार्ड तिथे कामी आले.

अंतरिम ताबा माझ्याकडे राहिला, परंतु वडिलांना दर शनिवारी न्यायालयाच्या बालकक्षात समुपदेशकांच्या देखरेखीखाली भेट मिळाली. तेव्हा मला ते फार लागले. ज्या माणसापासून मला संरक्षण हवे होते, त्याच्याकडे मूल सोपवायचे कसे? आदेश नीट वाचल्यावर मात्र त्यातली काळजी दिसली. मी मुलाला समुपदेशकांच्या हाती देऊन निघून जायचे, पतीने त्यानंतर यायचे आणि मुलाविषयीचे सर्व निरोप वकिलांमार्फतच पाठवायचे, अशी सोय त्यात होती. आमची समोरासमोर गाठ पडत नव्हती.

ताब्याचा आदेश बदललेल्या परिस्थितीनुसार बदलून मागता येतो. मुलाची शाळा आता शनिवारीही असल्याने भेटीची वेळ दुपारची करावी, असा अर्ज मी दिला असून त्यावर पतीचे म्हणणे दाखल व्हायचे आहे.