सबवूफर आहे, मग स्पीकर कितीही छोटे चालतील का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. घरात वापरायचे स्पीकर मी डिझाइन करते, आणि हा प्रश्न मला सारखा विचारला जातो: "खर्ज सबवूफर सांभाळणार असेल, तर बाजूचे दोन स्पीकर अगदी मुठीएवढे केले तर काय बिघडतं?"

बरंच बिघडतं. सबवूफरने खालचं ओझं उचललं की जी सवलत मिळते, ती स्पीकर आणखी छोटा करण्यात घालवू नये, त्याचा जोर वाढवण्यात घालावी, असं माझं ठाम मत आहे.

लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम आहे: दोन घ्या, तिसरी सोडा. सबवूफर जोडला की खोल खर्ज सोडायला आपण मोकळे होतो. पण बहुतेक घरगुती छोटे स्पीकर तो सोडतच नाहीत. पाच इंची जड कोनाकडून (पुढेमागे हलून आवाज काढणाऱ्या पडद्याकडून) ५० हर्ट्‌झ काढून घ्यायची त्यांची धडपड असते, आणि त्यापायी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॉटमध्ये एक मीटरवर मिळणारा आवाज, ८५-८७ डेसिबलपर्यंत उतरते. मग आपण ८० हर्ट्‌झला क्रॉसओव्हर (खालचा आवाज सबवूफरकडे आणि वरचा स्पीकरकडे वाटणारा फिल्टर) लावतो आणि एवढा त्याग करून मिळवलेला तोच खर्ज कापून टाकतो!

हिशेब करून बघा. सिनेमाच्या रेफरन्स पातळीला, म्हणजे सिनेमागृहातल्या प्रमाण आवाजाला, मुख्य चॅनेलचा आवाज ऐकण्याच्या जागी क्षणभर १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. तीन मीटरवर बसलात आणि वाटेत ६ डेसिबल गेले असं धरलं, तर स्पीकरपासून एक मीटरवर १११ हवेत. ८७ डेसिबलच्या स्पीकरला त्यासाठी सुमारे २५० वॉट लागतात, ९५ च्या स्पीकरला ४०. एवढ्या जोरात कोण ऐकतं, असं तुम्ही म्हणाल. पण ड्रमवरचा ठोका सरासरीपेक्षा कितीतरी वर उसळतो आणि तो उसळताना चेपला गेला की कमी आवाजातही संगीत मरगळलेलं वाटतं. शिवाय वॉट जास्त म्हणजे उष्णता जास्त. व्हॉइस कॉइलचं, म्हणजे कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीचं, तांबं १०० अंशांनी तापलं की त्याचा रोध सुमारे ३९ टक्के वाढतो आणि जवळजवळ ३ डेसिबल हवेत विरतात.

कोनाची हालचाल हा दुसरा मुद्दा. आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरलं की कोनाला चौपट हलावं लागतं. म्हणजे ४० ऐवजी ८० हर्ट्‌झवर थांबलात तर हालचाल एक चतुर्थांश. हीच ती सवलत. तिच्या बळावर हलका कोन आणि जोरदार चुंबक असलेला आठ इंची प्रो ड्रायव्हर (मोठ्या कार्यक्रमांच्या स्पीकरमध्ये असतो तसा कोन, कॉइल आणि चुंबकाचा संच) घरातल्या बेताच्या पेटीत बसतो. पाच इंचीच्या दुपटीहून अधिक पृष्ठभाग त्याला असतो. मुठीएवढ्या स्पीकरला मात्र क्रॉसओव्हर १५०-२०० हर्ट्‌झपर्यंत वर न्यावा लागतो, आणि मग पुरुषी आवाजाचा तळ सबवूफरमधून येऊ लागतो. माणूस समोर, छाती कोपऱ्यात. मला ते सहन होत नाही.

पेटी मी बंदच ठेवते, पोर्ट (हवा आतबाहेर जाण्यासाठीचं भोक) नाही. ८० हर्ट्‌झला नेमकी ३ डेसिबल खाली आलेली, ०.७ क्यूची (क्यू म्हणजे उतार सुरू होताना आवाज किती उसळतो त्याचं माप) बंद पेटी आपण होऊन प्रत्येक सप्तकाला १२ डेसिबलने उतरते. रिसीव्हरमधला त्याच वारंवारितेचा १२ डेसिबलचा बटरवर्थ हाय-पास (खालचा आवाज अडवणारा फिल्टर) तिला जोडला की दोन्ही मिळून २४ डेसिबलचा लिंकविट्झ-रायली नावाचा उतार तयार होतो आणि सबवूफरच्या तशाच उताराशी तो फेज (लहरींचा एकमेकींशी मेळ) न बिघडवता जुळतो. पोर्टच्या पेटीचा स्वतःचाच उतार २४ चा असतो, त्यावर फिल्टर चढवला की सांधा जुळवणं किचकट होतं.

इथे एक अडचण येते, आणि तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. जोरदार चुंबकाच्या ड्रायव्हरचा क्यूटीएस (पेटीबाहेर असतानाचा त्याचा स्वतःचा क्यू) कमी असतो. एफएसला (पेटीबाहेर तो ज्या वारंवारितेला आपोआप थरथरतो तिला) क्यूटीएसने भागून ०.७ ने गुणा, म्हणजे ०.७ क्यूच्या बंद पेटीत तो कुठे उतरायला लागेल ते कळतं. एफएस ६५ आणि क्यूटीएस ०.३५ असेल तर उत्तर येतं १३० हर्ट्‌झ! ६० आणि ०.४५ असेल तर ९३. म्हणून ड्रायव्हर निवडताना मी आधी हा भागाकार बघते, वॉटचा आकडा नंतर.

कागदावरचे ९५ डेसिबलही पूर्ण हाती लागत नाहीत. २५ सेंटिमीटर रुंदीच्या पेटीभोवती साधारण ४६० हर्ट्‌झच्या खालचा आवाज मागे वळू लागतो, आणि समोर ६ डेसिबलपर्यंत तूट पडते. क्रॉसओव्हरमध्ये ती भरून काढायची म्हणजे वरचा सगळा पट्टा खाली ओढायचा. त्यापेक्षा स्पीकर भिंतीला टेकवून ठेवायचा असं डिझाइनमध्येच ठरवावं. भिंत ती तूट बरीचशी भरून देते. बंद पेटीला मागे मोकळी जागाही लागत नाही.

ट्वीटरसाठी, म्हणजे वरच्या स्वरांसाठी, कम्प्रेशन ड्रायव्हर (अरुंद तोंडातून आवाज दाबून सोडणारा) आणि वूफरएवढ्याच, म्हणजे त्या आठ इंची ड्रायव्हरएवढ्याच, रुंदीचा वेव्हगाइड (आवाजाला दिशा देणारा कर्णा). कम्प्रेशन ड्रायव्हरची सेन्सिटिव्हिटी १०५ च्या वर असते, ती मुद्दाम खाली आणावी लागते, त्यामुळे तो तापत नाही. आठ इंची कोन २ किलोहर्ट्‌झच्या आसपास आवाज अरुंद करू लागतो. त्याआधीच, दोघांचा पसारा सारखा असेल अशा जागी सांधा घेतला की बाजूला बसलेल्यालाही स्वर तोच ऐकू येतो.

आणि ड्रायव्हर आवडला पण त्या हिशेबाचं उत्तर १२० च्या पुढे गेलं, तर? वापरा, पण मग क्रॉसओव्हरही तिथेच न्या आणि एका सबवूफरऐवजी दोन घ्या, प्रत्येक स्पीकरच्या अगदी शेजारी. तेवढ्या वर आवाजाची दिशा कानाला कळू लागते, त्यामुळे सबवूफर सोफ्यामागे लपवता येणार नाही.