सनसेट बुलेवार्ड: पाचाचे सहा होणं अखेर थांबलं

मंडळी, सोळा बार! काल रात्री साडेदहाला कीबोर्डवर 'सनसेट बुलेवार्ड' या संगीतिकेच्या शीर्षकगीताचे पहिले सोळा बार (म्हणजे मात्रांचे सोळा गट) न अडखळता वाजले. तीन आठवडे रडवलं या गाण्याने.

मागचं आठवत असेल: 'विथ वन लुक' बसलं, 'द परफेक्ट इयर' बसत आलं, आणि दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला नायक जो गिलिस जे शीर्षकगीत गातो, त्याच्या 5/8पाशी (दर बारात पाच मात्रा) गाडी अडली. संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबरच्या चाली कानाला सोप्या वाटतात, हाताला तशा नसतात. दर तीन-चार बारांनी माझ्या पाचाचे सहा व्हायचे. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं तेव्हा चोर सापडला. पाचव्या मात्रेनंतर डावा हात किंचित उसंत घेतो. सगळा जन्म चाराच्या ठेक्यात गेलेला. पाच संपले की हाताला काहीतरी राहिल्यासारखं वाटतं आणि तो एक मात्रा पदरची घालतो. मेट्रोनोमचा काडीचा उपयोग झाला नाही. माझ्या अ‍ॅपमध्ये फक्त पहिल्या ठोक्याला वजन देता येतं, मधल्याला नाही.

शेवटी तबला वाजवणाऱ्या आमच्या काकांना ऐकवलं. दोन ओळी ऐकून म्हणाले, "अरे, हा अर्धा झपताल. गाण्याचं नावच म्हण की तोंडाने."

सन सेट । बु ले वार्ड. धी ना । धी धी ना.

झपताल दहा मात्रांचा, त्याचा अर्धा पाच; आणि गाण्याच्या नावातच पाच! गाताना अक्षरं ओढली जातात, आघातही दर वेळी असेच पडत नाहीत, त्यामुळे ही फोड मी निव्वळ मोजण्यापुरती घेतली आहे. पण खरा फायदा पुढेच झाला. दोन बार मिळून दहा मात्रांचं एक आवर्तन धरलं की दुसरा बार झपतालाच्या 'खाली'वर, म्हणजे टाळी नसलेल्या हलक्या जागेवर सुरू होतो, ती ना । धी धी ना. त्या बारात डावा हात हलका ठेवला, आणि उसंत घ्यायची सवयच गेली. हाताला आता पाच संपल्याचं कळतच नाही, तो दहाची वाट बघतो.

स्वर लांबवणारं पेडल कोणतं घ्यावं, असं विचारलं होतंत. कीबोर्डसोबत येणारं चपटं पेडल फरशीवर पळतं; खाली रबर असलेलं, पियानोसारखं जड पेडलच घ्या. आणि गाण्यांच्या पुस्तकात उजव्या हातात गायकाचीच चाल असते, सोबतीला वाजवायचं तर ती सोडून स्वर भरा. सरावाला मी 1993चं लंडनचं रेकॉर्डिंग वेग कमी करून लावतो. जोचं काम करणाऱ्या केव्हिन अँडरसनचे शब्द त्यात लख्ख ऐकू येतात.

हे लिहिता लिहिताच एक सुचलं. दिग्दर्शक जेमी लॉइडच्या 2023च्या प्रयोगात जो झालेला टॉम फ्रान्सिस हे गाणं लंडनच्या सॅव्हॉय थिएटरच्या बाहेर, रस्त्यावर चालत गायचा. तसं चालून का बघू नये? आत्ताच हॉलमध्ये दहा फेऱ्या मारून आलो, मात्रेला एक पाऊल. सम, म्हणजे पहिली मात्रा, डाव्या पायावर पडते, 'खाली' उजव्या. अगदी चोख! म्हणजे पायाने ठेका धरण्याचा माझा हट्टच चुकीचा होता. एकाच पायाला पाच झेपत नाहीत, दोघांत वाटले की झेपतात.

त्यामुळे बेत बदलला. या आठवड्यात 'अ‍ॅज इफ वी नेव्हर सेड गुडबाय' घेणार होतो. जुनी चित्रपटतारका नॉर्मा इतक्या वर्षांनी पॅरामाउंटच्या स्टुडिओत येते, जुना लाइटवाला तिला ओळखून झोत तिच्यावर वळवतो, ती जागा मला कधीची वाजवायची आहे. पण ते संथ गाणं थांबेल. आधी शीर्षकगीत पुरं करतो, आणि तेही तबल्यासोबत. रविवारी काका येतायत. डग्गा उतरला आहे, तो तेवढा आधी चढवून घ्यायचा आहे.